अडीचशे ग्रॅमच्या आत राहा

डोळ्यांवर गॉगल चढवायचा, ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसतंय तेच आपण बघायचं आणि कमानींमधून, झाडांमधून यंत्र पळवायचं, असा हा एफपीव्ही शर्यतीचा खेळ. त्यासाठीचं यंत्र तयार विकत न घेता आपल्या हाताने बांधावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यात इंजिनिअरिंगची मुलं आहेत, आयटीआयची आहेत, आणि निवृत्तीनंतर पुन्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलेले काकालोकही आहेत. सगळ्यांना सांगणं एकच: पहिलं यंत्र हलकं बांधा. बॅटरी, पंखे, पट्टा, शेवटचा स्क्रू, सगळं धरून उडतानाचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आत ठेवा. जमलं तर पावणेदोनशेच्या आत.

हे ऐकून तरुण मंडळी नाराज होतात. त्यांनी व्हिडिओत पाहिलेली असतात ती पाच इंची पंख्यांची दणकट यंत्रं. मार्च २०१६ मध्ये दुबईच्या वर्ल्ड ड्रोन प्रीमध्ये इंग्लंडच्या ल्यूक बॅनिस्टरच्या संघाने अडीच लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. २०१८ मध्ये चीनमधल्या शेन्झेनला एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाची जागतिक ड्रोन शर्यत स्पर्धा झाली. ती जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा रूडी ब्राउनिंगही पंधराच वर्षांचा. या बातम्या वाचून आपल्याकडचा मुलगा वडिलांकडे थेट तसलंच यंत्र मागतो. वडिलांनी पैसे काढण्याआधी पुढचे आकडे त्याच्याबरोबर बसून वाचावेत.

पाच इंची यंत्र सहा सेलच्या बॅटरीसकट सहाशे-सातशे ग्रॅम भरतं आणि ताशी शंभर किलोमीटरने सहज पळतं. त्या वेगाने सातशे ग्रॅम कुठे आदळले की सुमारे २७० जूल ऊर्जा एका जागी मोकळी होते. तीन इंची पंख्यांचं १६० ग्रॅमचं यंत्र ताशी ऐंशीने आदळलं तर ४० जूल. जवळपास सातवा हिस्सा. तरीही त्याला खेळणं समजू नका. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. आपलं हे हलकं यंत्र त्याच वजनाचं, आणि वर मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती. फरक इतकाच, की नवशिक्याच्या हातून व्हायचे ते अपघात या वजनात निभावतात. फांदीवर आपटून यंत्र गवतात पडतं, पंखा वाकतो, तो बदलून पुन्हा उडता येतं. जड यंत्राचा त्याच आपटण्यात कार्बनचा हात तुटतो, मोटरची घंटा चेपते, बॅटरीला खोक पडते.

वजनाचं चक्रही समजून घ्या. बॅटरी मोठी घेतली की मोटर मोठी लागते, मोटर मोठी घेतली की फ्रेमचे हात जाड लागतात, ते जाड केले की यंत्र पुन्हा जड होतं आणि मिनिटभर जास्त उडण्यासाठी आणखी मोठी बॅटरी. हे चक्र दुकानदाराच्या फायद्याचं आहे. शर्यतीत कमानीपाशी वळताना यंत्राला आपला आधीचा वेग मोडून नव्या दिशेला लागायचं असतं. तिथे प्रत्येक जास्तीचा ग्रॅम बाहेरच्या बाजूला ओढतो. त्यातही मध्यभागी असलेलं वजन परवडतं. हातांच्या टोकाला असलेलं महागात पडतं, कारण यंत्र फिरवताना तेच जास्त अडवणूक करतं. म्हणून मोटर निवडताना नुसता जोर बघू नका, तिचं वजनही बघा.

१६० ग्रॅम कुठे कुठे जातात तेही सांगतो. तीन इंची कार्बन फ्रेम तीसच्या आसपास. १४०४ आकाराच्या चार मोटरी मिळून अडतीस-चाळीस. या आकड्यातले पहिले दोन अंक स्टेटरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, पुढचे दोन उंची. फ्लाइट कंट्रोलर आणि मोटरींचा वेग ठरवणारे चारही ईएससी एकाच पाटीवर असलेला एआयओ बोर्ड दहा ग्रॅम. कॅमेरा चार-पाच, व्हिडिओ ट्रान्समीटर पाच, रिसीव्हर अँटेनासकट दोन, पंखे सहा. तारा, कनेक्टर, स्क्रू आणि कपॅसिटर मिळून आठ-दहा. आणि चार सेलची ४५० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी एकटी पंचावन्न-साठ. सोनं तोलायचा असतो तसा खिशातला छोटा डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक भाग आला की त्याच्या पुडीवर वजन लिहा. कंपनीने छापलेल्या वजनात पुष्कळदा तारा धरलेल्या नसतात.

वजन लपतं ते भलत्याच ठिकाणी. गरजेपेक्षा बोटभर लांब ठेवलेल्या तारा, उगाच लांब स्क्रू, थ्रीडी प्रिंटरवर हौसेने छापलेले जाडजूड माउंट, रंगीत दिवे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वर बसवलेला वेगळा रेकॉर्डिंग कॅमेरा. पहिल्या महिन्यातलं आपलं उडणं कुणाला बघायचं नसतं, तो कॅमेरा घरीच ठेवा. मात्र तीन ठिकाणी ग्रॅम वाचवू नका: बॅटरीच्या तारांवरचा कपॅसिटर, बॅटरीचा पट्टा आणि फ्रेमचे हात. कपॅसिटर मोटरींमुळे उठणारे व्होल्टेजचे झटके शोषून घेतो. तो काढून दोन ग्रॅम वाचतात. पण चित्रात पट्टे दिसू लागतात, आणि नशीब वाईट असेल तर बोर्ड जातो.

एआयओ बोर्डाबद्दल मतभेद आहेत. एक ईएससी जळला की अख्खी पाटी बदलावी लागते, म्हणून जुने लोक वेगवेगळे बोर्ड पसंत करतात. पाच इंचीला ते योग्यच आहे. तीन इंचीत मात्र जागाही नसते आणि वजनाची सवलतही, तेव्हा एआयओच घ्या. तसंच चित्राचं. डिजिटल व्हिडिओ देखणा असतो, पण पहिल्या यंत्रासाठी मी अजूनही अॅनालॉगच सुचवीन. भाग स्वस्त, हलके, उशीर अगदी कमी. आणि सिग्नल कमजोर होऊ लागला की चित्रात हळूहळू मुंग्या येतात, त्यावरून माघारी फिरायचं कधी ते कळतं.

आता पैशांचा क्रम. रेडिओ, गॉगल, चार्जर, हत्यारं, दोन-तीन बॅटऱ्या आणि यंत्राचे भाग मिळून खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. हे सगळं एकदम घेऊ नका. आधी फक्त रेडिओ घ्या, एक्स्प्रेसएलआरएस प्रणालीचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. तो केबलने कॉम्प्युटरला जोडला की जॉयस्टिकसारखा चालतो. लिफ्टऑफ किंवा वेलोसिड्रोन यातला एक सिम्युलेटर घ्या आणि महिनाभर रोज अर्धा तास त्यावर आपटा, पडा, परत उठा. अॅक्रो मोडमध्येच शिका, म्हणजे काठी सोडली तर यंत्र आपोआप सरळ होत नाही त्या मोडमध्ये. पहिले तीन-चार दिवस मळमळेल, चिडचिड होईल. महिन्याने मन उडालं तर रेडिओ चांगल्या किमतीला विकता येतो. नाही उडालं, तर बाकीची खरेदी करा. तोपर्यंत काय हवं ते तुम्हालाच नीट कळलेलं असेल.

भाग घेताना दोन गोष्टी बघा. तयार परदेशी ड्रोन आयात करायला केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली आहे. सुटे भाग आणायला मुभा आहे. त्यामुळे बाहेरून अर्धवट जोडलेलं किट मागवायच्या फंदात पडू नका, कस्टममध्ये अडकेल. आपल्याकडचे ऑनलाइन विक्रेते बहुतेक सगळं ठेवतात. तारा, हीटश्रिंक, सोल्डर, मल्टिमीटर यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पुरेशी आहे. दुसरं म्हणजे ९१५ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आपल्या देशात तो पट्टा मोबाइलचा आहे. विनापरवाना वापरासाठी आपल्याला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ दिलेले आहेत. शर्यतीला २.४ उत्तम.

बांधणीत निम्मं यश सोल्डरिंगमध्ये आहे, आणि घाईही तिथेच होते. नव्या बोर्डाला हात लावण्याआधी एखादा मेलेला बोर्ड घ्या, दुरुस्तीच्या दुकानात फुकट मिळतो, आणि त्यावर तारा लावायचा सराव करा. तार आणि पॅड दोन्हीवर आधी सोल्डर चढवून घ्यायचं, मग दोन्ही टेकवून एकदाच उष्णता द्यायची. मोटरच्या तारांना बारीक टोक चालतं. बॅटरीचे पॅड मात्र तांब्याच्या जाड थराला जोडलेले असल्यामुळे उष्णता पिऊन टाकतात, तिथे रुंद टोक लावा आणि तापमान चारशेच्या आसपास न्या. बारीक टोकाने मिनिटभर घासत बसलात तर पॅड उखडून येतो. सांधा गार झाल्यावर गुळगुळीत दिसला पाहिजे. वर गोळी बसल्यासारखा दिसला तर सोल्डर पॅडला धरलेलंच नाही. फ्लक्स लावायला कंजुषी करू नका. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

पहिल्यांदा बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनसमध्ये शॉर्ट आहे का ते तपासा. कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू मायनसला गेली आहे ना, ते दोनदा बघा. मग बॅटरी आणि यंत्र यांच्यामध्ये स्मोक स्टॉपर लावा. तो नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब एका तारेत जोडून घ्या; शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटेल आणि बोर्ड वाचेल. व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका, आणि टेबलावर तो फार वेळ चालू ठेवू नका. उडताना त्याला वारा लागतो, टेबलावर लागत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तो भराभर तापतो.

आणि पंखे. टेबलावर बॅटरी जोडलेली असताना पंखे काढलेले हवेत. याला अपवाद नाही. ‘फक्त एकदा फिरवून बघतो’ असं म्हणणाऱ्याचंच बोट कापतं.

सॉफ्टवेअरवर लोक महिने घालवतात. मी चार-पाच वाक्यांत संपवतो. बीटाफ्लाइट मोफत आणि मुक्त आहे, ते वापरा. मोटरींचा क्रम आणि फिरण्याची दिशा पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघा. यंत्र किती जोराने सावरतं ते ठरवणारे पीआयडीचे आकडे आहेत तसे राहू द्या, पहिल्या महिन्यात त्यांना हात लावायची गरज नसते. पण फेलसेफ मात्र तपासाच: पंखे काढून मोटरी चालू करा, रेडिओ बंद करा, आणि क्षणात मोटरी थांबतात की नाही ते बघा. नाही थांबल्या तर यंत्र घराबाहेर काढू नका.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या छंदात घराला आग लागायचा धोका फक्त तिथे आहे. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो. उडताना सेलमागे साडेतीनपर्यंत आला की उतरायचं. ४५० च्या बॅटरीवर तीन-चार मिनिटांत तो येतो. दोन दिवसांत उडणार नसाल तर ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचं. चांगल्या चार्जरला त्यासाठी ‘स्टोरेज’ असं वेगळं बटण असतं. भरून ठेवलेली बॅटरी आठवडाभरात खराब होऊ लागते, रिकामी ठेवलेली त्याहून लवकर. चार्जिंग क्षमतेच्या एकपटीनेच करा: ४५० मिलिअँपिअर-तासाला ०.४५ अँपिअर. तास लागतो, लागू द्या. तो तासभर समोर बसा. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही, गादीवर, सोफ्यावर, लाकडी कपाटात ठेवायचं नाही. फरशीवर, आजूबाजूला पेटण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवा आणि जवळ वाळूची बादली असू द्या. फुगलेली किंवा आपटून खोक पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, ती शून्यावर आणून ई-कचऱ्यात द्या. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बंद गाडीत बॅटऱ्या ठेवून जेवायला जाणाऱ्यांना काय म्हणावं ते मला कळत नाही. बॅटरी किती करंट देऊ शकते ते सांगणाऱ्या छापील ‘सी’ आकड्यावरही फार भरवसा ठेवू नका, तो बहुतेक वेळा फुगवलेला असतो.

आता उडवायचं कुठे? २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात येतं आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण सवलत प्रमाणपत्रापुरती आहे, आकाशाचे नियम नॅनोलाही लागू आहेत. सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत विनापरवानगी उडता येतं. त्याच्या आत नाही. पुण्याचा मोठा भाग लोहगावच्या हवाई दलाच्या तळामुळे यात अडकतो. नाशिककरांना देवळाली आणि ओझर, गोव्यात दाबोळी आणि मोपा. मुंबईत विमानतळ आहे, नौदल आहे, शिवाय पोलिस वेळोवेळी शहरभर ड्रोनबंदीचे आदेश काढतात. डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा तो नकाशा आणि नोंदणीचे चालू नियम दर खेपेला स्वतः बघून घ्या. मित्राने सांगितलं यावर विसंबू नका, दंड तुम्हाला होईल.

छंदाचं यंत्र नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं, आणि गॉगल घातलेल्याला आपलं यंत्र बाहेरून दिसतच नाही. म्हणून शेजारी एक माणूस उघड्या डोळ्यांनी उभा हवा. त्याने यंत्राकडे बघायचं, माणूस, गुरं, मोटरसायकल आली की ओरडायचं. मोबाइल बघायचा नाही. चार जण एकत्र उडत असाल तर वीज देण्याआधी आपलं चॅनेल मोठ्याने सांगा. रेसबँडमध्ये ५६५८ पासून ५९१७ मेगाहर्ट्झपर्यंत आठ चॅनेल आहेत, प्रत्येकात ३७ चं अंतर. तुम्ही दुसऱ्याच्या चॅनेलवर वीज दिलीत की त्याच्या डोळ्यांपुढचं चित्र जातं आणि यंत्र कोसळतं. वरची दोन चॅनेल, ५८८० आणि ५९१७, आपल्याकडच्या विनापरवाना हद्दीच्या बाहेर आहेत, ती सोडूनच द्या. ताकद २५ मिलिवॉटच ठेवा, शर्यतीच्या मैदानाला ती पुरते.

गावाकडे जाऊन उडवणार असाल तर आधी शेतमालकाला आणि पोलिस पाटलांना भेटा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि शिरूर-दौंड भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावोगाव लोक जागत होते. त्यानंतर अनोळखी माणूस शिवारात ड्रोन घेऊन उभा राहिला की लोकांनी विचारणारच, आणि त्यांनी विचारणं योग्य आहे. त्यांना गॉगल घालून बघू द्या. मुलांना तर द्याच. जागा निवडायची तर काढणी झालेलं रान, सकाळी आठच्या आत, वारा उठण्यापूर्वी. उभ्या पिकावर किंवा पावसाळ्यानंतरच्या कमरेएवढ्या गवतावर उडू नका, पडलेलं यंत्र सापडत नाही आणि शोधताना पीक तुडवलं जातं. संक्रांतीच्या आसपास मांजा मोटरीत गुंततो. घारी अंगावर येतात, विशेषतः त्यांच्या विणीच्या दिवसांत. घार दिसली की उतरा, ती आपल्या आधीपासून तिथे आहे.

ज्यांना अशी मोकळी जागाही जवळपास मिळत नाही त्यांनी याहून लहान बांधावं. ६५ मिलिमीटरचं, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेलं ‘व्हूप’ बॅटरीसकट तीस ग्रॅमच्या आसपास असतं. ते बॅडमिंटन हॉलमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात, चातुर्मासात रिकाम्या पडलेल्या मंगल कार्यालयात उडतं. तिथे वारा नाही, घार नाही, आणि खुर्च्यांच्या खालून शर्यत लावायची मजा मैदानात येत नाही.

शेवटचं बोलणं पॉलिटेक्निक, आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांशी. मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये ड्रोन शर्यती झालेल्या आहेत, पण तालुक्याच्या गावातल्या मुलाला तिथवर पोचायला मधली पायरी लागते. तुमच्याकडे सोल्डरिंगची टेबलं आहेत, मल्टिमीटर आहेत, मैदान आहे किंवा हॉल आहे. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा दोन तास उघडी ठेवा. एक रेडिओ आणि एक सिम्युलेटर विभागाच्या खर्चातून घ्या, पाच-सहा मुलांत मिळून एक यंत्र बांधायला लावा, आणि ते काट्यावर ठेवून अडीचशेच्या आत भरल्याशिवाय बाहेर उडवायला देऊ नका. पीव्हीसी पाइपच्या दोन कमानी मुलं स्वतःच उभ्या करतील.